कॉलरबोनखालची शीर

“हे टीव्हीचं खोकं बाहेर न्या,” डॉ. हेर्लेकर म्हणाले. “माझ्या लॅबमध्ये सिनेमा नको.”

रफिक शिकलगार, आमचा कॅथलॅबचा टेक्निशियन, सोनोग्राफी मशीनच्या दांडीला हात लावून उभा होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं. मशीन मीच आणायला लावलं होतं.

“सर, पाच मिनिटं द्या,” मी म्हणाले. “मी सकाळी वॉर्डात बघून आलेय. या बाईंची डावी कॉलरबोन मोडून वाकडी जुळलीय. शीर नेहमीच्या जागी नाही. दोन बोटं बाहेर सरकलीय. नेहमीच्या जागी सुई घातली तर खाली थेट फुफ्फुस आहे.”

“मगदूम,” हेर्लेकर हातांवर ग्लोव्हज चढवत म्हणाले, “तुम्ही शाळेत होता तेव्हापासून मी पेसमेकर बसवतोय. माझ्या बोटांना डोळे आहेत. रफिक, खोकं बाहेर.”

रफिकनं मशीन बाहेर नेलं. एक चाक दाराबाहेर जाईपर्यंत करकरत होतं.

टेबलावर द्रौपदाबाई आवळे पडल्या होत्या. पूर्ण शुद्धीत. वय सदुसष्ट. जत तालुक्यातल्या आरोग्य केंद्रात चौतीस वर्षं नर्स म्हणून काढून निवृत्त झालेल्या. तीन दिवसांपूर्वी परसात कपडे वाळत घालताना चक्कर येऊन पडल्या, तेव्हा नाडी मिनिटाला बत्तीस होती. मांडीतून तात्पुरती वायर घालून त्यांचं हृदय कसंबसं चालवलं होतं. कॉलरबोन मोडली होती ती वीस वर्षांपूर्वी, पोलिओच्या फेरीला जाताना जीप उलटून. ते त्यांनी मला सकाळी सांगितलं होतं आणि वर विचारलं होतं, “त्या मोठ्या डॉक्टरला सांगितलंस का?”

सांगितलं होतं. सकाळी केबिनमध्ये, आणि आता इथं, सगळ्यांसमोर.

ही मिरजेतली गोष्ट. हॉस्पिटल ट्रस्टचं होतं. नाव सांगत नाही. चेन्नईत दोन वर्षं शिकून मी तिथं रुजू झाले त्याला दहा महिने झाले होते. ज्यांनी हे काम पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. पेसमेकरची वायर हृदयापर्यंत न्यायची तर कॉलरबोनखालच्या मोठ्या शिरेत सुई घालावी लागते. जुने लोक हाडाच्या अंदाजानं, बोटांनी चाचपून घालायचे. शंभरातल्या पंच्याण्णव-सत्त्याण्णव वेळा बरोबर लागायची. उरलेल्या वेळी शेजारच्या रोहिणीत जायची, नाहीतर फुफ्फुसात. मी शिकले ते सोनोग्राफीनं. छातीवर प्रोब ठेवला की पडद्यावर शीर दिसते, काळी, गोल. दाबली की चपटी होते. रोहिणी दाबली जात नाही. सुईचं टोक शिरेत शिरताना दिसतं. त्यात हुशारी काही नाही. बघून करायचं, एवढंच.

हेर्लेकरांना हे माहीत नव्हतं असं नाही. त्यांना ते माझ्याकडून नको होतं.

पहिल्याच महिन्यात माझा एक पेशंट ठरला होता. नातेवाईक फॉर्मवर सही करत असताना हे आले आणि म्हणाले, “मॅडम अजून शिकतायत. मी करतो.” नातेवाइकांनी हात जोडले, मला नाही, त्यांना. या दहा महिन्यांत मी एकही पेसमेकर स्वतः बसवला नाही. फाइल लिहायची, टाके घालायचे, ड्रेसिंग बघायचं. एकदा कँटीनमध्ये भूलतज्ज्ञांना ते सांगत होते, “आमच्याकडे आता टीव्ही बघून सुई मारणारे आलेत.” मी मागच्याच टेबलावर होते. त्यांना ते ठाऊक होतं.

मी घरी जाऊन आईशी भांडायचे. आई म्हणायची, “तुझ्या त्या हेर्लेकरचं तू जेवणाच्या ताटावर किती नाव घेतीस, कळतंय का तुला?”

तर त्या दिवशी मशीन बाहेर गेलं आणि मी ग्लोव्हज घालायला लागले.

“तुम्ही नको,” हेर्लेकर म्हणाले. “सिस्टर रूथ मदतीला उभ्या राहतील. तुम्ही डोक्याशी थांबा. पेशंटशी बोला, ऑक्सिजन बघा, आकडे सांगा. आणि मधे मधे मला भूगोल शिकवू नका.”

रूथ सिस्टरनी खाली पाहिलं. मी डोक्याशी जाऊन उभी राहिले.

डाव्या बाजूला काम असलं की पेशंटचं तोंड उजवीकडे वळवतात. मधे हिरव्या कापडाचा आडोसा असतो. त्या आडोशाच्या अलीकडे द्रौपदाबाईंचा चेहरा होता, माझ्याकडे वळलेला, माझ्या कमरेपासून हातभर अंतरावर. पलीकडे हेर्लेकरांचे हात होते. दोन्ही बाजू दिसत होत्या त्या फक्त मला.

“घाबरू नका,” मी म्हणाले.

“मी न्हाई घाबरत,” द्रौपदाबाई म्हणाल्या. “तू का थरथरतीस?”

मी थरथरत होते ते रागानं.

त्या जागेपुरतं भुलीचं इंजेक्शन झालं. हेर्लेकरांनी डाव्या अंगठ्यानं हाड चाचपलं, थोडे थांबले, पुन्हा चाचपलं. वाकडं जुळलेलं हाड त्यांच्या बोटाला कळलं असणार. क्षणभर मला वाटलं, ते हात मागे घेतील. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे पाहिलं, आणि त्यांनी सुई घातली. नेहमीच्या जागी.

“रफिक, कॅमेरा थोडा डावीकडे,” ते म्हणाले आणि एक्सरेच्या पडद्याकडे वळले.

त्याच वेळी सिरिंजमधल्या पाण्यात खालून दोन बुडबुडे आले. मग आणखी तीन. शिरेत सुई गेली तर सिरिंजमध्ये रक्त येतं. बुडबुडे येतात ते हवेतून, आणि तिथं हवा फक्त फुफ्फुसात असते.

हेर्लेकर पडद्याकडे बघत होते. रफिक कॅमेऱ्याकडे. रूथ सिस्टर ट्रेमधली वायर सोडवत होत्या. हेर्लेकर परत वळले तोवर बुडबुडे वर जाऊन सिरिंजच्या दट्ट्याशी मिसळले होते. रक्त आलं नाही एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी सुई काढली, दिशा बदलली, पुन्हा घातली. तिसऱ्या वेळी काळपट रक्त आलं.

“आहे की शीर,” ते म्हणाले. कुणाला उद्देशून, ते सांगायला नको.

मी काही बोलले नाही. मधे मधे बोलू नका, असं मला सांगितलं होतं.

ऑक्सिजनचा आकडा सत्त्याण्णव होता. द्रौपदाबाई खोकल्या. एकदा, मग पुन्हा.

“हलू नका, आजी,” हेर्लेकर म्हणाले. “मगदूम, आकडे?”

“पंच्याण्णव.”

“ठीक.”

मग चौऱ्याण्णव झाला, त्र्याण्णव झाला. ते मी सांगितलं नाही, कारण त्यांनी विचारलं नाही. त्यांनी पहिली वायर आत सोडली. द्रौपदाबाईंच्या कपाळावर घाम आला होता. “खांदा दुखतोय,” त्या मला म्हणाल्या, हळू. मग म्हणाल्या, “श्वास पुरंना.” मी त्यांच्या कपाळावर हात ठेवला. एक्क्याण्णव. नव्वद. एकोणनव्वदला मशीन वाजायला लागलं.

“काय झालं?” हेर्लेकरांनी विचारलं.

“सॅच्युरेशन पडतंय.”

“कधीपासून?”

“आत्ताच,” मी म्हणाले.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. कॅमेरा छातीच्या मध्यावरून डाव्या कडेला नेला. फुफ्फुस मुठीएवढं होऊन आत सरकलं होतं आणि हृदय उजवीकडे ढकललं गेलं होतं. पुढची चार मिनिटं मी आयुष्यात विसरणार नाही, कारण इतकं चांगलं काम मी त्याआधी पाहिलं नव्हतं. हेर्लेकर ओरडले नाहीत. त्यांनी जाड सुई मागितली, छातीत वरच्या बाजूला घातली, कोंडलेली हवा फुस्स करत बाहेर आली. मग बगलेखाली छेद देऊन नळी घातली, बाटलीला जोडली. आकडा ब्याऐंशीपर्यंत गेला होता तो वर यायला लागला. मग त्यांनी राहिलेलं पेसमेकरचं काम पूर्ण केलं, टाकेसुद्धा स्वतः घातले, ग्लोव्हज काढले आणि कुणाशी न बोलता बाहेर गेले. पाठीवरचा गाऊन घामानं चिकटला होता.

मी संध्याकाळी घरी गेले आणि तक्रार लिहायला बसले. चार पानी. काय काय सांगितलं होतं, किती वाजता, कुणासमोर. सोनोग्राफीचा छापील फोटो, त्यात शीर कुठे आहे त्यावर बाण. यंत्र उपलब्ध असताना, धोक्याची सूचना दिलेली असताना, डॉ. हेर्लेकरांनी अहंकारापोटी रुग्णाचा जीव धोक्यात घातला, असं शेवटचं वाक्य होतं. त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. सकाळी ती तक्रार ट्रस्टच्या सचिवांच्या टेबलावर ठेवली.

दुपारपर्यंत सगळ्या हॉस्पिटलला कळलं. जे लोक दहा महिने माझ्याशी धड बोलले नव्हते, ते लिफ्टमध्ये म्हणायला लागले, “मॅडम, कुणीतरी करायलाच पाहिजे होतं.” भूलतज्ज्ञांनी मला चहा पाजला. गुरुवारी चौकशी ठरली. सचिव म्हणाले, “रुग्णाचा जबाब जोडलात तर बरं. म्हणजे मग त्यांना काही बोलायला जागाच राहणार नाही.”

मी कागद घेऊन वॉर्डात गेले.

ऑपरेशनला चार दिवस झाले होते. द्रौपदाबाई उशांना टेकून बसल्या होत्या. कॉटखाली बाटलीत नळीचं टोक होतं. त्या खोकल्या की पाण्यात हवा उठायची. फुफ्फुस अजून पूर्ण फुललं नव्हतं. श्वास घेताना एक खांदा वर जायचा. त्यांची मोठी बहीण त्याच आठवड्यात जतला वारली होती. शेवटचं तोंड बघायला त्यांना जाता आलं नव्हतं. मला ते रूथ सिस्टरनी दारातच सांगितलं होतं.

“वाईट वाटलं ऐकून,” मी म्हणाले.

“हं.”

“तुमच्यावर अन्याय झालाय, मावशी. त्याची चौकशी आहे. यात फक्त जे झालं ते लिहिलंय. तुम्ही वाचून सही करा.”

त्यांनी चष्मा लावला. सावकाश वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मग पानं नीट एकावर एक केली आणि माझ्याकडे परत धरली.

“यात तू न्हाईस,” त्या म्हणाल्या.

“आहे ना. पहिल्याच पानावर. मी आधीच सूचना दिली होती—”

“ते वाचलं. त्याच्यानंतर. सुई घातल्यावर तू कुठं हुतीस?”

“तुमच्या डोक्याशी.”

“व्हय. मी तुझ्याकडंच बघत पडले हुते. दुसरं बघायला हुतंच काय?” त्या थांबल्या, श्वास घेतला. “चौतीस वर्षं मास्क लावलेल्या डॉक्टरांच्या शेजारी उभी ऱ्हायले मी. तोंड दिसत न्हाई, डोळे दिसतात. बाळाचा ठोका लागंना की डॉक्टर बोलायच्या आधी मला कळायचं. डोळे मोठे हुतात. घाबरतात. त्याची सुई गेली, तू तिकडं बघितलंस आणि तुला काहीतरी दिसलं.”

मी पानं हातात घेतली.

“दिसलं का न्हाई?”

“दिसलं.”

“तुझे डोळे मोठे झाले न्हाईत,” द्रौपदाबाई म्हणाल्या. “बारीक झाले. तू हसलीस.”

शेजारच्या कॉटवरची बाई आमच्याकडे बघायला लागली होती. मी खुर्ची पुढे ओढली.

“मावशी, तसं नाही. मला बोलू नका म्हणून सांगितलं होतं. तुम्ही ऐकलंत.”

“ऐकलं. आणि त्यानं आकडा विचारला तवा तू सांगितलास. तोंड तर चालत हुतं तुझं.” त्यांनी चष्मा काढला. “मी सांगितलं खांदा दुखतोय. सांगितलं श्वास पुरंना. तू कपाळावर हात ठेवलास. थंड हात. आणि वर बघत ऱ्हायलीस, त्याला कवा कळतंय ते.”

मी उठले. कागद हातात होते.

“त्यानं हे मुद्दाम केलं न्हाई,” त्या मागून म्हणाल्या. “गर्व केला, चूक केली. तू मुद्दाम केलंस. सही पाहिजे तर दोघांच्या नावानं लिहून आण.”

मी जिन्यात जाऊन उभी राहिले. पहिल्यांदा मला त्या बाईचा संताप आला. आजारी माणूस, औषधांच्या गुंगीत काहीही दिसतं, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. पण बुडबुडे दिसले त्या क्षणी मला काय वाटलं होतं ते मला माहीत होतं. भीती नव्हती वाटली. दहा महिन्यांत पहिल्यांदा आनंद झाला होता. आता कळेल, असं वाटलं होतं. पुढचा प्रत्येक आकडा खाली जाताना मी तो मोजत होते, आणि मशीन वाजेपर्यंत टेबलावर माणूस आहे हे मला दिसत असूनही दिसत नव्हतं. हसले की नाही ते मला आजही सांगता येत नाही. त्या म्हणतात म्हणजे हसले असेन.

गुरुवारी चौकशीला सचिव, दोन विश्वस्त आणि सांगलीचे एक ज्येष्ठ डॉक्टर होते. हेर्लेकर समोर बसले होते, दाढी न केलेले. माझी चार पानं मोठ्यानं वाचून दाखवण्यात आली. ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारलं, “डॉ. हेर्लेकर, यातलं काही नाकारायचंय?”

“नाही,” ते म्हणाले. “त्यांनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.”

ते इतक्या पटकन म्हणतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. सचिवांनी कागद आवरायला घेतले.

“मला एक जोडायचंय,” मी म्हणाले. आवाज नीट निघाला नाही म्हणून पुन्हा म्हणाले. “पहिल्या सुईला सिरिंजमध्ये हवा आली. सरांचं लक्ष पडद्याकडे होतं. मला दिसली. मी सांगितलं नाही. आकडा पडत होता, तेही सांगितलं नाही. सरांनी कधीपासून विचारलं तेव्हा मी आत्ताच म्हणाले. ते खोटं होतं.”

सचिव माझ्याकडे असे बघत होते की जणू मी त्यांचंच काही बिघडवलं होतं.

“किती वेळ?” हेर्लेकरांनी विचारलं.

“तीन मिनिटं. थोडं जास्तच.”

“का?” ज्येष्ठ डॉक्टरांनी विचारलं.

“सर चुकलेत हे सगळ्यांना दिसावं म्हणून,” मी म्हणाले.

हेर्लेकर टेबलावरच्या फोटोकडे बघत होते, माझ्या सोनोग्राफीच्या. त्यांनी तो उचलला, चष्म्याजवळ नेला, बाणापाशी बोट ठेवलं. मग खिशात घातला.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. त्यांना त्याच दिवशी सहा महिने पेसमेकर करण्यास मनाई झाली. सोनोग्राफीशिवाय सुई घालायची नाही असा नियम झाला. मला लेखी ताकीद मिळाली आणि वर्षाचा करार संपल्यावर तो वाढवला नाही. मी कोल्हापूरला आले, तिथंच आहे. या सगळ्याला चौदा वर्षं झाली. हेर्लेकर ते मशीन शिकले. रफिककडून शिकले, माझ्याकडून नाही. रफिक सांगतो, पुढं ते फार सुंदर करायचे.

पण त्या गुरुवारी, चौकशी संपल्यावर, जिन्यात ते माझ्या पुढं होते. दोन पायऱ्या उतरून थांबले आणि मागं न वळता बोलले.

“तुमचं मशीन बरोबर होतं, मगदूम. ते मी वापरेन.” एक पायरी उतरले. “माझ्या टेबलापाशी मात्र पुन्हा उभ्या राहू नका. आत येऊन खरं बोललात म्हणून काही बदलत नाही. हवा दिसल्यावर मला शिवी घातली असती तरी चाललं असतं.”

मला त्यांचा तेव्हाही राग येत होता, हे खरं सांगायला हवं. त्यांनी माझं ऐकलं असतं तर यातलं काहीच झालं नसतं, हे अजूनही मला पटतं. पण ते त्यांचं त्यांनी बघायचं.

तिथून मी वॉर्डात गेले. द्रौपदाबाई संत्रं सोलत होत्या. आदल्या दिवसाच्या एक्सरेत फुफ्फुस भरलेलं दिसत होतं. बाटलीतलं पाणी आता शांत होतं.

“सांगितलं मी,” मी म्हणाले. “सगळं. तीन मिनिटांचं.”

“त्याच्यासमोर?”

“हो.”

“नोकरी गेली?”

“अजून नाही.”

“जाईल,” त्या म्हणाल्या. संत्र्याची फोड तोंडात टाकली, बी काढून हातावर घेतली. “बरं केलंस.”

मी खुर्चीकडे हात नेला.

“बसू नको,” त्या म्हणाल्या. “उद्या ही नळी काढायची म्हणतात. ती तू काढू नकोस. तुझा हात मला आता चालायचा न्हाई. त्या हेर्लेकरला सांग, त्यानं घातलीय, त्यानंच काढावी.”

“त्यांना काम करायला मनाई झालीय, मावशी.”

“पेसमेकरची झाली असंल. नळी काढायला काय लागतंय? जा, सांग त्याला. तूच जाऊन सांग.”

मी खाली गेले आणि हेर्लेकरांच्या केबिनचं दार वाजवलं.